‘रोमिंग’च्या खालच्या ओळी

मी बीदरच्या कोर्टात दुभाषी होते असं सांगितलं की लोकांना आधी मी वकील वाटते, मग टायपिस्ट, आणि शेवटी काहीच वाटत नाही. त्यांचाही दोष नाही. साक्षीदाराचा पिंजरा आणि साहेबांचं टेबल यांच्या मधे एक हात मोडलेली खुर्ची असायची, तिच्यावर मी. साक्षीदार मराठीत बोलायचा, जबानी लिहिली जायची कन्नडमध्ये. मधला सगळा रस्ता माझा.

काम सोपं आहे. माणूस जे बोलला तेवढंच पलीकडं पोचवायचं. त्यात आपलं मीठ घालायचं नाही आणि त्याचं तिखट कमी करायचं नाही. एवढंच. आणि हे ‘एवढंच’ शिकायला मला सगळी नोकरी लागली.

माझं माहेर सीमेवरच्या खजुरीचं. अप्पांचं किराणा दुकान होतं. गिऱ्हाईक ज्या भाषेत पिशवी पुढं करेल त्या भाषेत अप्पा साखर बांधायचे. आई कन्नडमध्ये लाड करायची आणि मराठीत झोडपायची. चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढं कन्नड. दोन भाषा आहेत हे मला बरंच मोठं झाल्यावर कळलं. तोपर्यंत एकच लांबलचक भाषा आहे असं वाटायचं.

दुभाष्याच्या खुर्चीला मी चिकटले ती एका शब्दानं. एका बाईची पोटगीची केस होती. नवऱ्यानं टाकलेली, भालकीकडची. ती पिंजऱ्यात म्हणाली, “साहेब, माझे लई हाल झाले.” त्या दिवशी दुभाष्याच्या जागी कुणीतरी अर्धी मराठी येणारा कारकून बसला होता. कन्नडमध्ये हालु म्हणजे दूध. त्यानं ठोकून दिलं की बाईकडं दूध लई झालं. पुढच्या तारखेला नवऱ्याचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, घरी एवढं दूधदुभतं आहे तर हिला पोटगी कामून पाहिजे? ती बाई आ वासून बघायला लागली. मी तेव्हा कोर्टात नकला लिहायचं काम करत होते. मागनं ओरडले, “साहेब, दूध न्हाई हो, हाल! हाल!” साहेबांनी आधी मला दटावलं आणि मग पोट धरून हसले. त्यानंतर ती खुर्ची माझी झाली.

नमुने तरी किती बघितले. औरादकडचा एक म्हातारा साक्ष मराठीत द्यायचा, पण आकडा आला की तेलुगूत मोजायचा. एक बीदरचे चाचा होते, ते खरं बोलताना दखनी उर्दूत बोलायचे आणि खोटं बोलायचं असलं की शुद्ध कन्नडमध्ये शिरायचे. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण सांगायचं कुणाला? दुभाष्यानं मत द्यायचं नसतं. मी गप लिहायचे आणि गालातल्या गालात हसायचे.

पण एक गोष्ट हसण्यासारखी नाही, तीही सांगते. नवी होते. एका मजूर बाईला मुकादमानं घाण शिवी दिली होती, हात धरला होता. भर कोर्टात, चाळीस पुरुषांसमोर, ती शिवी तिनं एकदा उच्चारली. किती बळ लागलं असेल तिला! आणि मी, चांगल्या घरची, मला लाज वाटली. मी पलीकडं सांगितलं, “यानं अपशब्द वापरले.” समोरच्या वकिलानं लगेच पकडलं. कोणते अपशब्द? परत सांगा. तिनं माझ्याकडं बघितलं. दुसऱ्यांदा तिच्या तोंडून ते निघेना. मुकादम सुटला. ती बाई बाहेर जाताना मला काही बोलली नाही, आणि ते मला आजवर टोचतं. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. जे बोललं ते, जसं बोललं तसं, आणि कोण बोललं, कुणाला बोललं, हे विचारल्याशिवाय लेखणी टेकवायची नाही.

हा खडा निवृत्तीनंतर मीच काढून टाकला, ती गोष्ट सांगायला बसले आहे.

बीदरमध्येच, मैलूरला आमचं घर आहे. एका सकाळी प्रज्वल नावाचा बेंगळुरूचा तरुण दारात उभा. केस खांद्यापर्यंत, पाठीवर पिशवी. कन्नडमध्ये म्हणाला, “मॅडम, मी एका बँडवर फिल्म केली आहे. त्यांचा निरोपाचा दौरा. तुम्ही पडद्यावरच्या खालच्या ओळी, सबटायटल्स, लिहाल का?” मी म्हटलं बँड म्हणजे वरातीतला? तो म्हणाला, नाही, रॉक. मी म्हटलं, म्हणजे धडाम धडाम. तो म्हणाला, हो, तेच.

बँडचं नाव ‘रोमिंग’. आमच्या सीमेवरचं माणूस हे नाव ऐकून हसणारच. आमच्याकडं फोन घरात असला की कर्नाटकात आणि अंगणात नेला की महाराष्ट्रात असतो. बीदरच्या इंजिनीअरिंग कॉलेजातल्या चार पोरांनी बँड काढला. गाणी स्वतःची, एक कडवं मराठी, एक कन्नड आणि मधे दखनीत टोमणे. बारा वर्षं टेम्पोत सामान घालून तालुके पालथे घातले. आता कुणाचं लेकरू शाळेत जायला लागलं, कुणाची बदली हैदराबादला झाली. म्हणून शेवटचा दौरा करून थांबायचं ठरलं. बीदर, आळंद, आणि शेवट हुलसूर.

दोघं लक्षात ठेवले म्हणजे पुरे. गाणारा बसू, घर बसवण्णांना मानणारं, व्यापारी, माझ्यासारखाच दोन जिभांचा. आणि ड्रम वाजवणारा मिलिंद, हुलसूरच्या बौद्ध घरातला. त्याचे वडील हुलसूरच्याच मराठी शाळेतनं निवृत्त झालेले मास्तर. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं.

मी लॅपटॉपवर फिल्म लावून बसायचे. कानाला ते मोठे हेडफोन. सून म्हणायची, “अत्याबाई, विमान चालवायलाव का?” पहिले दोन दिवस डोकं उठलं. तिसऱ्या दिवशी भाजी चिरताना माझाच पाय ठेका धरायला लागला. काय सांगू, पोरं गोड होती. आळंदला लाईट गेली तर गर्दीतल्या लोकांनी मोटारसायकली आणून दिवे स्टेजवर पाडले आणि ह्यांनी माईकशिवाय गाऊन घसा बसवून घेतला. माझ्या लहानपणीची खजुरी मला त्या गर्दीत दिसायची. एक शब्द कन्नड, एक मराठी, मधेच दखनी ‘नक्को’. असं बोलणारी माणसं आता कमी व्हायलीत. आमचीच नातवंडं धड एक भाषा बोलतात, आणि तीही तिसरीच. मी खालच्या ओळी लिहीत होते पण अर्धा वेळ नुसतीच ऐकत बसायचे.

ओळी दोन प्रकारच्या लिहायच्या होत्या. एक प्रत कन्नड, एक मराठी. मराठी बोलणंसुद्धा मराठी प्रतीत खाली उमटवायचं, कारण गोंगाटात ऐकू येत नाही.

फिल्मचा जीव कशात होता ते बसूनंच कॅमेऱ्यापुढं सांगून टाकलं होतं. “बारा वर्षांत मिल्याच्या गुरुजींनी आमचं एक गाणं ऐकलं न्हाई. शेवटचा शो हुलसूरला ठेवलाय तो त्यांच्यासाठीच. पुढच्या रांगेत खुर्ची ठेवणार. एकदा येऊ देत, बस.”

मिलिंदला विचारलं तर तो अवघडून म्हणाला, “माझे वडील निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना हे संगीत विशेष आवडत नाही. त्यांना ऐकूही कमी येतं.” अगदी धुऊन इस्त्री केलेली भाषा. मला हे नवीन नव्हतं. पिंजरा काय आणि कॅमेरा काय, समोर उभं केलं की माणूस घरचे शब्द घरी ठेवून येतो.

हुलसूरचा शो फिल्मच्या शेवटी होता. पुढच्या रांगेत एक लाल खुर्ची, तिच्यावर कुणी बसलेलं नाही. कॅमेरा परत परत तिच्याकडं जायचा. गुरुजी आले नाहीत. मी हेडफोन काढून डोळे पुसले, खोटं कशाला सांगू.

त्याच्या थोडं आधी एक जागा होती. बसू संध्याकाळभर जुन्या मित्रांना स्टेजवर बोलवत होता. “ए मल्ल्या, बा ले, बा!” कन्नडमध्ये ‘बा’ म्हणजे ये. मग दोन गाण्यांच्या मधे जरा शांतता झाली आणि माईकवर आवाज आला, “बा... बा...” पडद्यावर तेव्हा गर्दी दिसत होती. लगेच पुढचं गाणं सुरू झालं आणि गर्दी पुढं धावली. प्रज्वलनं ते असं जोडलं होतं की अंगावर काटा यावा. मी मराठी प्रतीत लिहिलं, ‘ये, ये.’

प्रज्वल खूश. म्हणाला, “मॅडम, माझ्या फिल्ममधला हा सगळ्यात सुंदर क्षण आहे.”

फिल्म पहिल्यांदा हुलसूरलाच दाखवायचं ठरलं, रविवारी सकाळी, शाळेच्या हॉलमध्ये. आठवडाभर आधी मिलिंद माझ्याकडं आला, गाण्यांचे शब्द तपासायला. आल्या आल्या पाया पडला. मी उप्पीट केलं होतं. खात खात बघायला बसला. एकेका ठिकाणी “बरोबर हाय अक्का” म्हणत होता. हुलसूरची ती जागा आली. त्याचा चमचा थांबला.

“अक्का, परत लावा.”

मी परत लावलं.

“हे बसू न्हाई. हे मी हाय.”

“तू कुणाला बोलवायलास?”

“बोलवत न्हाई. हाक मारायलोय.” तो पडद्याकडंच बघत होता. “बा ला. माझ्या बा ला.”

मी कपाळाला हात लावला. मराठीत ‘बा’ म्हणजे बाप! हे मला माहीत नव्हतं का? खजुरीत निम्मं गाव बापाला ‘बा’ म्हणायचं. पण कॅमेऱ्यापुढं हा ‘वडील’ म्हणाला आणि मी त्याच इस्त्रीला भुलले. बरं, साधं व्याकरण तरी आठवावं की नाही? गर्दीला कुणी ‘बा’ म्हणतं का? गर्दीला म्हणतात ‘बर्री’. एकट्याला ‘बा’. आणि मित्राला बोलावताना बसू आधी नाव घ्यायचा, इथं नाव नव्हतं. कोण बोललं, कुणाला बोललं, हे मी विचारलंच नाही. साक्षीदार समोर नव्हता, चित्र छान होतं, मी वाहवत गेले.

“पण गुरुजी तर आले नव्हते,” मी म्हटलं.

“आलता की. खुर्चीवर न्हाई बसला. पार मागं, टेम्पोच्या आडोशाला, भिंतीला टेकून हुभा होता. मला दिसला आन तोंडातनं निघून गेलं. माझ्यापुढं गायचा माईक होता. त्यानं वर बघितलं न्हाई, तसाच वळला आन गेला. मला वाटलं, चारचौघात हाक मारली म्हणून रागावला. का ऐकूच आलं न्हाई? कळलंच न्हाई बघा.”

“मग घरी विचारलं नाहीस?”

“कसं विचारू?” त्यानं ताटली खाली ठेवली. “अक्का, आमचे आजोबा हलगी वाजवायचे. लोकाच्या दारात. बोलावणं आलं की जायचं, लग्न असो का मयत. मग धम्म घेतला, आन त्यांनी हलगी खुंटीला लावली ती परत काढली न्हाई. पोरगं शाळेत गेलं पायजे म्हणून. ते पोरगं म्हणजे माझा बा. गावातला पहिला मास्तर आमच्यातला. आन त्याचा पोरगा काय करायलाय? टेम्पोत ड्रम घालून बोलावतील तिथं वाजवायला जायलाय. तो मला एका शब्दानं बोलला न्हाई कधी. पण आला पण न्हाई. बारा वर्षं. आन आला तर असा.”

मग तोच म्हणाला, “ऱ्हाऊ द्या, चांगलं दिसायलंय तसं.” आणि हात धुवायला उठला. ती पाठमोरी आकृती बघितली आणि मला ती मजूर बाई आठवली. तीही अशीच पाठ फिरवून गेली होती.

त्याच दुपारी मी प्रज्वलला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग चरफडला. “मॅडम, आता? माझी रिकामी खुर्ची? सगळा शेवट तिच्यावर उभा आहे! आणि ‘ये’ किती सुंदर आहे. ऐकणाऱ्याला काय फरक पडतो?”

“ऐकणाऱ्याला नाही पडत,” मी म्हटलं. “बोलणाऱ्याला पडतो. मी सुंदर काम करायला बसले नव्हते. तो जे बोलला ते लिहायला बसले होते, आणि चुकले. माझी चूक आहे. सुधारून दे.”

“चित्र बदलावं लागेल. मिलिंदचा चेहरा आणावा लागेल. तो अंधारात आहे, थोडा हललाय.”

“हलू दे. माणूसच हलला होता.”

तो बघतो म्हणाला. मी म्हटलं, नसेल जमत तर माझं नाव काढून टाक. फोन ठेवला. इतक्या वर्षांत मी साहेबांशीसुद्धा एवढ्या जोरात बोलले नव्हते. आठवडाभर त्याचा फोन नाही, निरोप नाही. मिलिंदला मी काही सांगितलं नाही. सांगून परत तेच ‘ये’ दिसलं असतं तर?

रविवारी सकाळी सुनेला घेऊन हुलसूरला गेले. शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना जुने फ्लेक्स उलटे करून लावले होते. समोर पांढरी चादर. प्रज्वल प्रोजेक्टरशी झटत होता, माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. त्या मानेचा अर्थ मला लावता येईना, आणि म्हणे मी दुभाषी.

गुरुजी आले होते. शाळा त्यांची, तिथं न यायला कारण नव्हतं. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, कानातलं यंत्र खिशात. पहिल्या रांगेत बसले. मिलिंद मागं प्रोजेक्टरपाशी उभा राहिला. मी गुरुजींच्या मागच्या रांगेत.

फिल्म सुरू झाली आणि गुरुजींनी खालच्या ओळी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही. त्यातही मास्तर. प्रत्येक ओळ पूर्ण वाचायचे आणि वर शुद्धलेखनाचा पाठही घ्यायचे. “‘आम्ही निघालो परिक्षा देऊन.’ परीक्षा! री दीर्घ. कुणी लिहिलंय हे?” हॉल हसला. माझे कान तापले. थोड्या वेळानं परत, “‘वीजेचे दिवे’ न्हाई, ‘विजेचे’. वि ऱ्हस्व.” सून माझ्याकडं बघून पदरात हसायला लागली. मेली. बत्तीस वर्षांत माझं लिखाण कुणी असं तपासलं नव्हतं.

बीदर संपलं, आळंद संपलं. मोटारसायकलींच्या दिव्यांपाशी लोकांनी शिट्ट्या मारल्या. हुलसूर आलं तशी मी खुर्चीची कड धरली. लाल खुर्ची दिसली. गुरुजींनी मान जरा खाली घातली. बसूनं मल्ल्याला हाक मारली, लोक हसले. मग ती शांतता आली.

गर्दी दिसली नाही. मिलिंदचा चेहरा दिसला. अंधारा, जरा हललेला, ओठ माईकला लागलेले, डोळे कुठंतरी लांब. खाली ओळ उमटली.

“बा,” गुरुजींनी वाचलं.

ओळ गेली, परत आली.

“बा,” त्यांनी परत वाचलं, पण ह्या खेपेला हळू. शुद्धलेखन तपासलं नाही. चादरीवरच्या त्या तोंडाकडं बघत बसले. आणि घरात कुणी हाक मारल्यावर माणूस जसं बोलतो तसं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले,

“काय रं?”

कुणीही हसलं नाही. चादरीवर गाणं सुरू झालं होतं, त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मिलिंद मागनं चालत पुढं आला. त्याची सावली चादरीवर पडली, कुणी बाजूला हो म्हणालं नाही. तो गुरुजींच्या खुर्चीपाशी खाली बसला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाला, “बा, त्या दिवशी ऐकू आलतं का तुला?”

“न्हाई रं,” गुरुजी म्हणाले. “मला कुठलं ऐकू यायलंय. तू वाजवत होतास तेवढं बघितलं आन घरी आलो.” त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत घातला. “आत्ता वाचलं.”